शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांचा पाय हा त्या भागात एक स्वतंत्र विषय होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. टपावर पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी, स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेलं, घामाने निथळणारं कुणीतरी शिकाऊ, आणि शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून शांतपणे समोर बघणारे मास्तर. सिग्नलचे खांब बदलले, कोपऱ्यावरची दुकानं बदलली, मास्तर तेच. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेकची एक जादा जोडी असते. शिकणारा गोंधळला की मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा आणि गाडी मुकाट्याने थांबायची. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणावर आवाज चढवला नाही. जे काय सांगायचं ते पायाने सांगितलं.

आता इतकी वर्षं एकच काम केलेला पाय घरी आला म्हणून काय गप्प बसणार आहे? दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवे झाले आणि डॉक्टर तोंडाजवळ आले की मास्तर ब्रेक दाबायचे. टीव्हीवर पाठलाग सुरू झाला की समोरचं टीपॉय हातभर पुढे सरकायचं. झोपेतही दाबायचे, आणि तो ब्रेक नेमका बायकोच्या पोटरीवर लागायचा. तिने शेवटी मधे एक जाड उशी ठेवली आणि विषय संपवला.

पण गाडीत उशी कुठे ठेवणार? गाडीतलं दुखणं जुनं होतं.

लग्न नवं होतं तेव्हा मास्तरांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली होती. घरातच मास्तर असताना बाहेर कशाला जायचं, असा साधा हिशेब. ती भराभर शिकली. आपण गाडी किती अलगद थांबवतो, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटायला लागलं. आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की गाडी आपण थांबवतच नाही, हे थांबवताहेत. हिचा पाय ब्रेककडे निघायच्या आत यांचा पोचलेला असायचा. बाईने गाडी कडेला घेतली, किल्ली यांच्या हातात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी चौकापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. धंद्याची केवढी जाहिरात झाली म्हणता! तो चौकापलीकडचा अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो, मास्तरांच्या घरचे लोकसुद्धा आमच्याकडे शिकतात म्हणून.

तिथे ती शिकली आणि नामी शिकली. मास्तरांच्या हाताखालून अख्खी वस्ती गेली होती, पण तिच्याइतका हलका क्लच त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. हे त्यांना मनोमन कबूल होतं. तिला मात्र त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. शिकवणाऱ्याने फार कौतुक करू नये, डोक्यात हवा जाते, हा धंद्यातला नियम त्यांनी संसारातही लावला. काही माणसं अशी असतात, काय करणार.

घरची गाडी मग तीच चालवायची. दिवसभर गाडीत बसून आंबलेल्या मास्तरांना संध्याकाळी स्टिअरिंग नको वाटायचं, आणि तिला ते मनापासून आवडायचं. मास्तर शेजारी बसायचे. पुढे एखादी सायकल जरी आडवी आली, तरी यांचा पाय फरशीवर धप्! गाडीला तिकडे ब्रेक नव्हताच, नुसता आवाज व्हायचा. पण प्रत्येक धप्‌ला तिच्या कपाळावर एक आठी चढायची. तिने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले आणि मास्तरांची रवानगी मागच्या सीटवर केली, तीही स्वतःच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे समोर रस्ता नाही, फक्त तिचा अंबाडा दिसणार. तेव्हापासून मास्तर मागे. लोक म्हणायचे, मास्तरांचा थाट बघा, ड्रायव्हर ठेवलाय. मास्तर हसायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे.

अशी कैक वर्षं गेली. लेक शिकली, लग्न होऊन अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शहरात गेली. मास्तरांनी स्कूल पुतण्याच्या हवाली केलं आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, हौस म्हणून, नवीन पोरांना शिकवायला जाऊ लागले. बायको एका दंतलॅबमध्ये कवळ्या करायची, तिचीही निवृत्ती आली. आणि नेमक्या त्याच वर्षी घरच्या जुन्या चार दारांच्या गाडीने मान टाकली. गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, आत पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा लावून टाकलं.

त्या रविवारी जेवताना बायको म्हणाली की आता गाडी घ्यायची ती मी सांगीन तशी. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, रंगाबिंगाचं असेल काहीतरी. ती म्हणाली, मला दोन दारांची हवी. कूपे.

मास्तरांचा घास हातातच राहिला.

तिने ते अगदी सरळ सांगितलं. लॅबमध्ये नवीन लागली तेव्हा खिडकीशी बसून ती कवळ्यांना पॉलिश करायची, आणि समोर एक डॉक्टर आपली दोन दारांची गाडी लावायचे. लांब बोनेट, बुटका टप, आणि त्या टपाची रेघ मागे उतरत उतरत डिकीपर्यंत एका दमात गेलेली. उभं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या तोंडात बसतील अशा वस्तू घडवल्या होत्या. वळण कुठे खरं उतरलंय आणि कुठे चुकलंय हे तिच्या बोटांना कळायचं, आणि त्या गाडीच्या वळणात तिला कधी चूक सापडली नव्हती. तेव्हापासून मनात होतं. घरात माणसं होती, सामान होतं, लेकीची शाळा होती, म्हणून चार दारं. आता चार दारं कुणासाठी?

नवी घेण्याची तर बातच नको. पण पाच-दहा वर्षं जुन्या कूपे बऱ्याच स्वस्तात जातात, कारण कुटुंबवाली माणसं त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. साठवलेल्यातलं किती काढायचं तेही ठरवून झालं होतं. गुपचूप सगळी तयारी! मास्तर ऐकत राहिले आणि मग त्यांनी जपून विचारलं की या गाडीत मागे सीट असते ना.

असते, पण नावाला. पिशवी ठेवण्यापुरती. मोठा माणूस तिथे बसू शकत नाही.

म्हणजे आता प्रश्न उघड झाला. मास्तर बसणार कुठे? बेत तर असा होता की महिन्यातून एकदा लेकीकडे जायचं, कधी मनात आलं तर तसंच पुढे समुद्रापर्यंत. दोघांनी. हे कितीतरी वर्षं ठरत आलेलं होतं, एकदा मोकळं होऊ दे, मग, असं म्हणत म्हणत. आता मोकळं झालं होतं आणि मागची सीट गेली होती.

"मला एकटीला जाता येतं," बायको ताट उचलताना म्हणाली, "पण मला एकटीला जायचं नाहीये."

मास्तरांना ते लागलं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की या पायाला वठणीवर आणायचं.

पुतण्याची घरची, जादा ब्रेक नसलेली गाडी मागून आणली आणि रोज सकाळी सराव सुरू झाला. अख्ख्या वस्तीला ब्रेक दाबायला शिकवणारा माणूस या वयात ब्रेक न दाबायला शिकत होता. आधी त्यांनी बूट काढून पाहिले. मोज्यातल्या पायाचा आवाज कमी येतो एवढंच. मग पाय मांडीखाली दुमडून बसले, तर चौकात समोरून टेम्पो वळला आणि पाय सुटायला गेला तो गुडघा डॅशबोर्डवर असा आपटला की डोळ्यापुढे काजवे. मग तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. पण रस्ता दिसला नाही तरी गाडीच्या कण्हण्याकुथण्यावरून त्यांना सगळं कळायचं. पाय आपला हजर. धप्.

चौथ्या-पाचव्या सकाळी बायकोने गाडी पेट्रोल पंपापुढे कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. रागावली असती तर बरं होतं, पण ती रागावलेली नव्हती.

"तुम्हाला ठाऊक आहे का, मला काय वाटतं ते?" ती म्हणाली. "तुम्ही पाय मारलात की दर वेळी मला वाटतं, मी नापास झाले. इतकी वर्षं चालवतेय. एकदाही पास नाही."

मास्तरांपाशी उत्तर होतं, पण ते इतकी वर्षं पोटात ठेवलेलं की आता बाहेर काढायचं कसं हेच कळेना. त्यांनी गुडघा चोळला. ती थोडा वेळ थांबली, मग किल्ली फिरवली.

गाड्या बघणं मात्र थांबलं नाही. तिने एकदा मनावर घेतलं की घेतलं.

पहिली पाहिली ती जुन्या गाड्यांच्या बाजारात. लालभडक, नुकतीच धुऊन पुसून ठेवलेली. विकणाऱ्याने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली, मॅडम ही गाडी जणू तुमच्यासाठीच बनलीय वगैरे. ती हूं की चूं न करता गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर अंगठा ठेवला आणि हळूहळू खाली नेला. एका जागी अंगठा थांबला. तिने डोळे मिटून पुन्हा तिथून फिरवला आणि सांगितलं की इथे पोचा बुजवायला लांबी भरलीय, आणि भरणाऱ्याला घाई होती. विकणारा आधी नाहीच म्हणाला, मग असेल म्हणाला, मग किरकोळ आहे म्हणाला. मास्तरांना बायकोचा असा अभिमान वाटला की ते तिला काहीतरी बोलणारच होते. पण तेवढ्यात विकणाऱ्याने चहा घेणार का विचारलं आणि ते राहून गेलं.

दुसरी होती एका व्यायामशाळावाल्याची. डिकीवर मोठा पंखा बसवलेला आणि सायलेन्सरचा आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. गाडी तशी सुस्थितीत होती. फेरी मारायची ठरली तेव्हा मास्तर सवयीने पुढची सीट वाकवून मागे शिरले. शिरले खरे, पण गुडघे हनुवटीला, मान टपाला, आणि वळणावर तर ते पिशवीसारखे एका अंगावर कलंडले. फेरी संपल्यावर बाहेर येता येईना. व्यायामशाळावाल्याने खांदे धरले, बायकोने पाय धरले आणि मास्तरांना उपसून काढलं. ती खो खो हसली. मास्तरही हसले, पण हसता हसता त्यांच्या मनात आलं की झालं, मागच्या सीटचा मार्ग आता कायमचा बंद. ती गाडी त्यांनी आवाजाचं निमित्त सांगून सोडली. आणखीही दोन-चार पाहिल्या. कुठे क्लच संपलेला, कुठे गंज, कुठे किंमत ऐकूनच माघारी.

मग एक फोन नंबर हाती लागला. जाहिरातीत एकच ओळ होती, दोन दारांची गाडी, एकाच हातातली, घरी येऊन पाहावी.

बैठं घर होतं, पुढे थोडं अंगण, आणि अंगणात ती उभी होती. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, कुठे पंखा नाही, पट्टे नाहीत, आणि टपाची ती रेघ. बायको फाटकातच थांबली. मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं की शोध संपलाय. आता फक्त गाडीने दगा देऊ नये.

विकणारी एक सत्तरीची आजी होती. सरळ पाठीची, कामापुरतं बोलणारी. तिचा नवरा दारातल्या खुर्चीत बसलेला, शेजारी दोन कुबड्या टेकवलेल्या. आजीने सांगितलं की गाडी तिनेच चालवली, दुसऱ्या कुणी नाही. आता आजोबांच्या कमरेला एवढ्या बुटक्या गाडीत बसणं-उठणं झेपत नाही, म्हणून विकायची.

बायकोचा अंगठा सगळ्या गाडीवरून फिरून आला. कुठेही अडला नाही. मास्तरांनी इंजिन ऐकलं, क्लच दाबून पाहिला, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं. सगळं स्वच्छ. मग ते सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसले, आणि त्यांची टाच मॅटखाली कशात तरी रुतली.

त्यांनी मॅट उचलली. खालचा गालिचा एका जागी पार झिजलेला होता, दोऱ्या निघालेल्या, आणि मधे टाचेच्या मापाचा खड्डा. चालवणाऱ्याच्या बाजूला असा खड्डा पडतो, ते ठीक. शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला तो जगात एकाच प्रकारच्या गाडीत पडतो, आणि तो प्रकार मास्तरांना पाठ होता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ही शिकवणीची गाडी. जादा पेडल काढून टाकलेत आणि वरून मॅट घातलीय. शिकाऊंनी वर्षानुवर्षं क्लच जाळला असणार, आणि आता एकाच हातातली म्हणून आपल्या गळ्यात मारताहेत.

इतक्या गोड म्हातारीने असं करावं याचाच त्यांना जास्त राग आला. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस, त्यानं तो आज चढवला. म्हणाले की आजी, हे बरं नाही. या गाडीवर ड्रायव्हिंग स्कूल चाललंय. मी याच धंद्यातला आहे, मला शिकवू नका. आणि गुडघ्यावर बसून, मोबाइलचा उजेड पाडून, पेडलांच्या बोल्टची भोकं शोधायला लागले. बायको म्हणत होती अहो, अहो. मास्तर ऐकतील तर शपथ. डोकं डॅशबोर्डखाली, बाकीचा देह अंगणात.

भोकं नव्हती. पत्रा जसाच्या तसा, कंपनीतून आला तसा. मास्तरांनी हात लावून पाहिला, पुन्हा उजेड पाडून पाहिला. एकही भोक नाही.

तेवढ्यात दारातल्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. आजोबा पोट धरून हसत होते.

"तो खड्डा माझा आहे," ते म्हणाले.

मास्तर डॅशबोर्डखालून निघाले ते तांबडेलाल होऊन. असे तोंडघशी ते कधी पडले नव्हते. माफी मागायला लागले तर आजोबांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, तुम्ही धंद्यातले म्हणून निदान तुम्हाला कळलं तरी, गॅरेजवाल्यांना वाटायचं उंदीर लागलेत. मग सांगायला लागले. ते काही गाडी शिकवणारे नव्हते. घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गाडी येतही नव्हती. पण ही गाडी आली आणि बायको चालवायला लागली, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती ब्रेक लावायची आणि इकडे यांचा पाय दाबला जायचा.

"मी काही तिला शिकवत नव्हतो हो," आजोबा म्हणाले. "मला काय येतंय? ती थांबली की मीपण थांबायचो, एवढंच."

मास्तरांच्या बायकोने आजीकडे पाहिलं आणि विचारलं की तुम्हाला राग नाही यायचा.

यायचा की, आजी म्हणाली. सुरुवातीला एवढा यायचा की एकदा याला बाजारात उतरवून मी तशीच पुढे निघून गेले होते. मग अंगवळणी पडलं. लांबच्या रस्त्याला तर बरं वाटायचं. पाय वाजला की कळायचं, हा जागा आहे. वाजला नाही तर मी विचारायची, झोपलास का.

ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. मग तिने आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना तिचा कामापुरता आवाज जरासा हलला.

"गेले काही महिने एकटीच नेते. थांबते तेव्हा शेजारून काहीच येत नाही. गाडी फार मोठी वाटते मला आता."

आजोबा कुबडीच्या मुठीवरून बोट फिरवत होते. मास्तरांची बायको त्या उघड्या दारातून आत, झिजलेल्या गालिच्याकडे बघत होती.

किमतीचं बोलणं बायकोनेच केलं. आजीला चोर ठरवून बसल्यावर मास्तर घासाघीस कोणत्या तोंडाने करणार? ते आजोबांपाशी जाऊन बसले आणि घड्याळांच्या गोष्टी ऐकत राहिले. आकडा दोघींच्या मनासारखा जमला. जाताना आजीने एवढंच विचारलं की गालिचा बदलून हवा असेल तर तेवढे पैसे मी कमी करते. बायको म्हणाली, राहू दे.

कागदपत्रं व्हायला काही दिवस गेले. त्या दिवसांत मास्तरांनी विचार केला. आजीने सांगितलेलं त्यांच्या कानातून जात नव्हतं, पण त्यांनी स्वतःला बजावलं की त्या बाईंचं त्या बाईंपाशी. आपल्या घरात त्या आवाजाचा अर्थ वेगळा आहे. आपल्या बायकोला त्यात नापास ऐकू येतं, आणि तिने ते तोंडाने सांगितलंय. तेव्हा पाय हलणार नाही. तुटला तरी चालेल.

गाडी आणायच्या दिवशी फाटकापाशी ते जरा घुटमळले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढची सीट वाकवायच्या खटक्याकडे गेला.

"मागे कुठे निघालात?" बायको पलीकडून म्हणाली. "पुन्हा उपसायला इथे व्यायामशाळावाला नाहीये."

मास्तर पुढे बसले. आजोबांनी खुर्चीतूनच हात केला, आजी फाटक धरून उभी राहिली, आणि ती गडद हिरवी गाडी गल्लीतून बाहेर पडली. बायकोने क्लच असा सोडला की कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा गच्च धरला होता.

पहिला चौक आला. पुढे बस थांबली, बायकोने ब्रेक लावला. मास्तरांच्या मांडीतून कळ गेली, पण पाय जागचा हलला नाही. त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या सिग्नलला एक पोरगं धावत आडवं गेलं. मास्तरांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, पाय हलला नाही. जमलं की! आता लेकीकडे जाता येईल, समुद्रावर जाता येईल. थोडी कळ सोसायची, दुसरं काय. त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती खुशीत दिसेना. तिसऱ्या थांब्याला तिने गाडी उभी केली, आणि समोरच बघत, हळूच, जणू सहज विचारावं तसं म्हणाली,

"झोपलात का?"

मास्तर चमकले. म्हणाले, नाही, जागा आहे.

"मग पाय?"

"धरून ठेवलाय."

दिवा हिरवा झाला, गाडी निघाली. हमरस्त्यावर ऊन पसरलं होतं आणि बोनेट समोर लांबच लांब दिसत होतं. बरंच अंतर गेल्यावर तिने घसा साफ केला.

"सोडा तो," ती म्हणाली. "हातांना रग लागेल."

मास्तरांनी एकेक बोट सोडल्यासारखे हात सोडले. गुडघ्यावर बोटांच्या जागी चुण्या पडल्या होत्या, त्या त्यांनी सारख्या केल्या. पुढच्या चौकात एक ट्रक सुस्तपणे वळत होता. बायकोने ब्रेककडे पाय नेला आणि इकडे मास्तरांची टाच आपणहून खाली गेली, बरोबर आजोबांच्या खड्ड्यात. धप्. गाडी पांढऱ्या रेघेच्या आत, एक तसूही इकडेतिकडे न होता थांबली.

मास्तरांनी रेघेकडे पाहिलं. मग जे इतकी वर्षं पोटात होतं ते एकदाचं बाहेर आलं.

"पास," ते म्हणाले. "पहिल्यापासून पासच होतीस. आपल्या भागात तुझ्यासारखा क्लच कुणाचा नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण तिच्या गालावर हसू आलं.

"तुम्हाला कोणी विचारलंय?" ती म्हणाली, आणि दिवा हिरवा झाला तशी तिने गाडी पुढे काढली.